मेंदूतल्या पाण्याची वाट
(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त कर्जत येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला दोन शब्द बोलायला सांगितले, तेव्हा विषय कोणता घ्यावा असा प्रश्न माझ्यापुढे पडला. मी काही डॉक्टर नाही, की प्राध्यापक नाही. सूतगिरणीत रिंग खात्यात आयुष्य घालविलेला मी एक कामगार आहे. शाळा दहावीवर सुटली, पण वाचन सुटले नाही. तेव्हा आज मी तुम्हांला एम.आर.आय.च्या यंत्राबद्दल आणि त्या यंत्राला मेंदूतले पाणी कसे दिसते, याबद्दल सांगणार आहे. हा विषय आपल्या वस्तीत कशाला, असे काहींना वाटेल. पण हा विषय माझ्या घरात शिरला तो पुस्तकातून नव्हे. तो दुःखाच्या दाराने आला. म्हणून आधी ती हकिगत सांगतो.

२०१९ सालची गोष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती. माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे मालक, आपल्याच तालुक्यात शेती करतात. पहाटे साडेपाचला उठले, चूळ भरली, चांगले बोलत-चालत गोठ्यात गेले. सहाच्या सुमारास धारेची बादली हातातून सुटली. अक्का धावली तर दाजींचे तोंड एका बाजूला ओढलेले, उजवा हात लोंबतोय आणि बोलणे असे की एक शब्द उमगेना. घरात एकच बोलबाला, "अंगावरून वारं गेलं." कोणी तेल चोळले, कोणी कबुतराचे रक्त लावायला सांगितले, कोणी देवऋषाकडे न्यायचे ठरविले. या सगळ्यात अडीच तास गेले. मग जीप करून एका दवाखान्यात नेले. तिथे डोक्याचा सी.टी. स्कॅन झाला. रिपोर्ट आला नॉर्मल. "काही नाही, बी.पी. वाढलं असेल, अशक्तपणा आहे, घरी न्या," असे सांगून सलाईन लावून सोडून दिले. आम्हीही हुश्श केले. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे माणूस नॉर्मल, अशी आमची समजूत!

दुसऱ्या दिवशी हात-पाय पूर्णच गेले. मोठ्या शहरात नेले, तिथे एम.आर.आय. झाला. त्या डॉक्टरांनी मला फिल्म उजेडासमोर धरून दाखविली. करड्या मेंदूच्या डाव्या अंगाला चुन्याने सारवल्यासारखा पांढरा डाग. म्हणाले, "काका, इथला रक्तपुरवठा काल सकाळीच बंद पडलेला आहे. तेव्हाच आला असतात तर गुठळी विरघळण्याचं इंजेक्शन देता आलं असतं." दाजी आज काठी घेऊन चालतात, पण जिभेवरचे शब्द परत आले नाहीत. ज्या माणसाने मला लहानपणी पोवाडे म्हणून दाखविले, तो आज 'पाणी' म्हणायला अर्धा मिनिट घेतो.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला. एका यंत्राला काही दिसले नाही आणि दुसऱ्याला चुन्यासारखे पांढरे दिसले, हे कसे? माझी पुतणी रेडिओग्राफीचा कोर्स करून एका एम.आर.आय. केंद्रात काम करते. तिला मी विचारले. ती म्हणाली, "नाना, त्याला डिफ्युजन म्हणतात. ते मशीन मेंदू बघत नाही, मेंदूतलं पाणी किती हलतंय ते बघतं." या एका वाक्याचा अर्थ समजून घ्यायला मला दोन वर्षे लागली. तो अर्थ आज तुमच्यापुढे ठेवतो.

मित्रहो, समोर हा पाण्याचा पेला ठेवला आहे. यात मी शाईचा एक थेंब सोडतो. पेला कोणी हलवू नका. बघा, शाई हळूहळू पसरू लागली. कोणी ढवळले का? नाही. मघाशी लावलेल्या अगरबत्तीचा वास मागच्या रांगेपर्यंत पोचायला थोडे वारे मदत करते, पण वारे नसते तरी तो पोचलाच असता, फक्त उशिरा. याचे कारण पाण्याचे कण, हवेचे कण क्षणभरही स्वस्थ बसत नाहीत. उष्णतेमुळे त्यांची सारखी चळवळ चालू असते. १८२७ साली रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यात परागकणांतून निघालेले बारीक कण नाचताना पाहिले. ते का नाचतात, याचे गणित १९०५ साली आइन्स्टाइन यांनी मांडले. पाण्याचे न दिसणारे कण त्यांना चहूबाजूंनी धक्के देतात, म्हणून ते नाचतात.

ही चाल कशी असते? आपल्या गोदड महाराजांच्या रथयात्रेच्या गर्दीत एखादा माणूस सापडला की धक्के खात कधी इकडे, कधी तिकडे जातो. तासाभराने तो निघाला तिथून फारसा लांब गेलेला नसतो. पाण्याच्या कणाचे तसेच. सरळ चालणारा माणूस चौपट वेळात चौपट अंतर जातो, पण असा धक्के खात जाणारा कण चौपट वेळात फक्त दुप्पट अंतर जातो. शरीराच्या उष्णतेला मोकळ्या पाण्याचा कण सेकंदाच्या विसाव्या भागात कोणत्याही एका दिशेने सरासरी सतरा मायक्रोमीटर सरकतो. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला डोक्यावरचा केस साधारण सत्तर-ऐंशी मायक्रोमीटर जाड असतो. म्हणजे हा प्रवास केसाच्या जाडीच्या पाव भागाएवढा. पण गंमत अशी की मेंदूतल्या पेशी आणि त्यांचे तंतू नेमके याच मापाचे असतात. म्हणून पाण्याचा कण तेवढ्या वेळात मेंदूतल्या भिंतींना जाऊन धडकतो आणि त्या भिंतींची खबर घेऊन येतो.

आता मेंदू कसा असतो ते बघू. वजन साधारण सव्वा ते दीड किलो, आणि त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी. सुमारे ८६ अब्ज चेतापेशी. बाहेरचा थर करडा, तिथे पेशींची मुख्य शरीरे असतात. आतला भाग पांढरा, तिथे त्या पेशींचे लांब लांब तंतू असतात. हे तंतू एकेक मायक्रोमीटरच्या आसपास जाड, पण लांबी काही सेंटिमीटरपासून कितीतरी जास्त. मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना जोडणारा जो पूल आहे, त्यात एकट्यात असे सुमारे वीस कोटी तंतू आहेत.

आम्हा गिरणीवाल्यांना हे चटकन समजते. गाठीतून सोडलेला कापूस कसा असतो? तंतू कुठेही, कसेही. तो कार्डिंगला जातो, मग ड्रॉइंगला जातो, आणि सारे तंतू एका दिशेला सरळ होऊन मऊ दोरी बाहेर पडते. मेंदूचा करडा भाग गाठीच्या कापसासारखा धरा आणि पांढरा भाग ड्रॉइंगमधून निघालेल्या दोरीसारखा. आता या दोन्हींच्या आत पाण्याचा कण सोडला तर काय होईल? करड्या भागात त्याला जिकडेतिकडे अडथळे, पण सगळीकडे सारखेच. पांढऱ्या भागात मात्र तंतूच्या लांबीने वाट मोकळी आणि आडवे जायचे म्हटले की दर मायक्रोमीटरला भिंत.

शेतकरी बांधवांनी सरी-वरंबा डोळ्यांसमोर आणावा. कुकडीचे पाणी सरीतून सरळ पुढे जाते, पण वरंबा ओलांडून शेजारच्या सरीत जायला किती वेळ लागतो! तसेच हे. फक्त एक फरक ध्यानात ठेवा. शेतातले पाणी उताराने धावते. मेंदूतले हे पाणी कोणी ढकलत नाही, ते जागच्या जागी चळवळत असते. तरीही अडथळ्यांचा कायदा दोन्हीकडे एकच. आपल्या भागात जाणते माणूस पाणी कसे मुरते त्यावरून खाली मुरूम आहे की काळी, हे खणल्याशिवाय सांगतो. डॉक्टर मंडळी पाणी कसे सरकते त्यावरून कवटी न उघडता आतल्या बांधणीचा अंदाज करतात.

हे पाणी दोन घरांत राहते. एक पेशींच्या आत आणि दुसरे पेशींच्या मधल्या फटींत. या फटी मेंदूच्या आकारमानाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याएवढ्या असतात. आतल्या पाण्याला पेशीचे आवरण अडवते. बाहेरच्या पाण्याला पेशींना वळसे घालत जावे लागते, जसे दाट वस्तीतल्या बोळातून जावे लागते. म्हणून मोकळ्या पाण्याच्या मानाने मेंदूतले पाणी जवळजवळ चौपट संथ ठरते.

पुष्कळांना वाटत होते की तंतूंवर जे चरबीचे वेष्टन असते, मायलिन म्हणतात त्याला, तेच पाण्याला आडवे जाऊ देत नाही. पण १९९४ साली कॅनडात ब्यूलियू आणि अॅलन यांनी गार नावाच्या माशाची वासाची नस तपासली. तिच्या तंतूंवर मायलिन नाहीच. तरीही पाणी लांबीने जास्त आणि आडवे कमी सरकत होते! म्हणजे मुख्य भिंत तंतूंच्या स्वतःच्या आवरणांची. मायलिन त्यात भर घालते एवढेच. समजुतीवर विसंबू नये, तपासून पाहावे, याचा हा चांगला धडा आहे.

आता यंत्राकडे येऊ. एम.आर.आय. हे क्ष-किरणांचे यंत्र नाही. ते एक प्रचंड लोहचुंबक आहे. नेहमीचे यंत्र दीड टेस्ला ताकदीचे असते, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जास्त. पाण्याच्या प्रत्येक कणात हायड्रोजनचे दोन अणू. त्यांचे केंद्र हे एक चिमुकले चुंबक. मोठ्या चुंबकात ते भोवऱ्यासारखे डोलू लागते, दीड टेस्लात सेकंदाला सुमारे सहा कोटी चाळीस लाख वेळा. त्यांचा एकत्रित आवाज, म्हणजे रेडिओ लहर, यंत्र ऐकते आणि चित्र बनविते. या विद्येच्या पायाभरणीत आपल्या देशाच्या माणसाचाही हात आहे. १९५१ साली अमेरिकेत स्टॅनफर्डला ज्या तिघांनी अल्कोहोलमधल्या वेगवेगळ्या हायड्रोजनचे वेगवेगळे आवाज पकडून दाखविले, त्यांत डॉ. एस. एस. धर्मट्टी होते. पुढे त्यांनीच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विद्येचा विभाग उभा केला. चित्र काढण्याची रीत मग १९७३ साली लॉटरबर यांनी दाखविली आणि त्यांना व मॅन्सफिल्ड यांना २००३ साली नोबेल मिळाले.

पण पाणी हललेले कळते कसे? इथे मला माझी रिंग फ्रेम आठवते. आम्ही सुताला पीळ देतो. समजा, एका ओळीत उभ्या असलेल्या पाण्याच्या कणांना यंत्राने जागेप्रमाणे पीळ दिला. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. मग थोडा वेळ थांबून त्याच जागांवर तेवढाच उलटा पीळ दिला. जो कण जागेवरच राहिला, त्याचा पीळ पूर्ण सुटला. जो दोन जागा सरकला, त्याला मिळाला दोन आणि सुटले चार, म्हणजे हिशेब चुकला. असे हिशेब चुकलेले कण एकमेकांचा आवाज खोडून काढतात. जितके पाणी जास्त सरकले, तितका आवाज कमी आणि चित्र काळे. पाणी अडकून बसले तर आवाज टिकतो आणि चित्र पांढरे. ही युक्ती १९६५ साली स्टेजस्कल आणि टॅनर यांनी काढली. ती माणसाच्या मेंदूच्या चित्रात आणली फ्रान्सच्या डेनी ल बिहां यांनी, १९८० च्या दशकाच्या मध्यात.

आकडे सांगतो म्हणजे पटेल. नेहमीच्या जोराचा पीळ दिला तर मोकळ्या पाण्याच्या शंभर आण्यांच्या आवाजातले जेमतेम पाच आणे उरतात. चांगल्या मेंदूतल्या पाण्याचे पंचेचाळीसच्या आसपास उरतात. आणि रक्त बंद पडलेल्या भागात पाण्याची चळवळ निम्मी झाली, तर सदुसष्टच्या आसपास. पंचेचाळीसच्या शेजारी सदुसष्ट म्हणजे करड्या कापडावर चुन्याचा डाग. दाजींच्या फिल्मवर मी पाहिला तो हाच डाग होता.

आता मूळ प्रश्न. रक्त बंद पडल्यावर पाणी का अडकते? प्रत्येक पेशीच्या भिंतीत सोडियम बाहेर फेकणारे पंप असतात. ते रात्रंदिवस चालतात आणि त्यांना इंधन लागते. गुठळीने रक्तवाहिनी तुंबली की काही मिनिटांत इंधन संपते आणि पंप बंद पडतात. सोडियम आत शिरते आणि त्याच्या मागोमाग पाणी आत शिरते. पेशी फुगतात. मधल्या फटी आवळतात, पाचव्या हिश्श्याच्या होत्या त्या विसाव्या हिश्श्यापर्यंत येतात. बोळच बुजले म्हटल्यावर बाहेरच्या पाण्याने जायचे कुठून? आत शिरलेले पाणीही भिंतीआड कोंडले गेले. यात नेमका वाटा कशाचा किती, यावर शास्त्रज्ञांचे वाद आहेत. पण पाणी संथ होते, ही गोष्ट पक्की. १९९० साली अमेरिकेत मायकेल मोझली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखविले की रक्त बंद झाल्यावर तासाभराच्या आतच हा बदल चित्रात दिसतो, जेव्हा साध्या एम.आर.आय.त काहीच दिसत नसते.

आणि सी.टी.ला का दिसले नाही? सी.टी. हे क्ष-किरणांचे काम. कोणत्या जागी किती किरण अडतात, एवढेच ते मोजते. पहिल्या काही तासांत त्या जागेतले एकूण पाणी फारसे वाढलेले नसते. पाणी जवळजवळ तेवढेच, फक्त त्याचा पत्ता बदललेला. फटीतले पाणी पेशीत गेले. सी.टी. पाणी मोजतो, त्याला पत्ता कळत नाही. डिफ्युजनला पत्ता कळतो. केवढा मोठा हा फरक, आणि या फरकात माझ्या दाजींचा उजवा हात गेला.

पण बंधूंनो, यावरून सी.टी. टाकाऊ आहे असे कोणी समजू नये. मी रागाच्या भरात पुष्कळ दिवस तसे समजत होतो, ती माझी चूक होती. मेंदूत रक्तस्राव झाला आहे का, हे सी.टी. दोन मिनिटांत सांगतो आणि ते आधी कळलेच पाहिजे. रक्तस्राव असताना गुठळी विरघळणारे औषध दिले तर माणूस दगावेल. दोष यंत्राचा नव्हता. दोष 'नॉर्मल' या शब्दाचा अर्थ लावण्यात होता. तोंड वाकडे, हात गळालेला, बोलणे गेलेले आणि सी.टी. नॉर्मल, याचा खरा अर्थ, रक्तस्राव नाही, म्हणजे बहुधा गुठळी आहे, धावा! आम्हांला तो अर्थ कोणी सांगितला नाही आणि आम्हीही विचारला नाही.

डिफ्युजनच्या चित्रातही फसगत होते, हे सांगितले पाहिजे. पांढरे दिसले म्हणजे ताजा झटका असे प्रत्येक वेळी नसते. जुन्या दुखण्यानेही जागा पांढरी दिसू शकते. म्हणून यंत्र दुसरे चित्र काढते, त्यात पाण्याच्या चळवळीचे फक्त माप असते. खरा ताजा झटका पहिल्या चित्रात पांढरा आणि दुसऱ्यात काळा दिसतो. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळल्या पाहिजेत. शिवाय आठ-दहा दिवसांनी पेशी फुटू लागल्या की भिंती पडतात, पाणी पुन्हा मोकळे होते आणि माप वरकरणी सुधारल्यासारखे दिसते. माप सुधारले म्हणून मेंदू सुधारला असे नव्हे. भिंती पडलेल्या घरातही वारे मोकळे खेळतेच की!

हीच युक्ती आणखी कामांना येते. मेंदूत पू झाला तर तो घट्ट असल्याने त्यातले पाणी अडकते आणि गळू पांढरे दिसते. आतून कुजलेल्या गाठीतले पाणी बहुधा मोकळे असते, ती काळी दिसते. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या दोन दुखण्यांचे औषध मात्र वेगळे.

पुढचे पाऊल पडले १९९४ साली. पीटर बॅसर, मॅटिएलो आणि ल बिहां यांनी सांगितले की पीळ एकाच दिशेने देऊ नका. निदान सहा वेगवेगळ्या दिशांनी द्या आणि पाणी कोणत्या दिशेने जास्त सरकते ते काढा. जिकडे पाणी जास्त सरकले, तिकडे तंतूची वाट. असे ठिपक्याला ठिपका जोडत गेले की मेंदूतल्या तंतूंच्या जुड्यांचा नकाशा तयार होतो. रंगीत सुतांचे बंडल सोडून ठेवल्यासारखा तो दिसतो. मेंदूची गाठ काढताना बोलण्याची, हाताची वाट कापली जाऊ नये म्हणून शल्यचिकित्सक हा नकाशा पाहतात.

पण यातही गोम आहे. चित्राचा एक ठिपका साधारण दोन मिलिमीटरचा. त्यात लाखो तंतू मावतात. ते सगळे एका दिशेने जात असतील तर ठीक. पण कापडात ताणा आणि बाणा एकमेकांना छेदून जातात, तसे मेंदूतही तंतू छेदून जातात. पांढऱ्या भागातल्या साठ ते नव्वद टक्के ठिपक्यांत असे छेद असतात, असा संशोधकांचा हिशेब आहे. अशा ठिकाणी साधे गणित गोंधळते आणि सांगते की इथे तंतूंना दिशाच नाही. म्हणून आता पुष्कळ दिशांनी मोजतात, नवी गणिते वापरतात. तरीही नकाशात कधी नसलेल्या वाटा दिसतात, असलेल्या गाळल्या जातात. पाण्याची चळवळ आपण मोजतो, तंतूचा मात्र अंदाज करतो, हा भेद विसरता कामा नये.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्या विहारात आनापान आणि विपश्यनेचे वर्ग चालतात आणि मेंदूच्या फोटोंचे संदेश मोबाईलवर फिरत असतात. २०११ साली कॅलिफोर्नियात आयलीन लुडर्स यांनी पुष्कळ वर्षे ध्यान करणारी २७ माणसे आणि न करणारी २७ माणसे याच पद्धतीने तपासली. ध्यान करणाऱ्यांच्या तंतूंत पाणी अधिक एकदिश असल्याचे आढळले. ऐकून आनंद वाटतो. पण ध्यानामुळे तसे झाले, की तशा मेंदूची माणसे ध्यानाकडे वळतात, हे एवढ्यावरून ठरत नाही. माप वाढण्याची कारणेही अनेक असू शकतात. तंतू दाट असतील, वेष्टन जाड असेल, किंवा छेद कमी असतील. आपल्याला हवे ते निघाले म्हणून आपण कमी तपासायचे, हे 'एहिपस्सिको' म्हणणाऱ्यांना शोभणार नाही.

बाबासाहेबांनी मापाशी कसे वागावे याचा वस्तुपाठ घालून दिला आहे. १९४८ सालच्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी नाकांच्या मोजमापांचेच आकडे घेतले आणि अस्पृश्य वंशाने वेगळे आहेत हा दावा त्या आकड्यांनीच खोडून काढला. आज उद्या कोणी मेंदूचा फोटो दाखवून सांगू लागला की हा हुशार, तो मठ्ठ, तर त्याला विचारा, बाबा रे, तू पाण्याची चळवळ मोजलीस, हुशारी कुठे मोजलीस?

यंत्र अजून महाग आहे आणि आपल्यासारख्यांना त्यासाठी लांब जावे लागते, ही खरी अडचण आहे. पण देशात प्रयत्न चालू आहेत. मुंबईला पवईच्या 'समीर' या सरकारी संस्थेने देशी एम.आर.आय. बनविण्याचे काम हाती घेतले. बंगळुरूच्या व्हॉक्सेलग्रिड्स या कंपनीचे देशी यंत्र तर आपल्याच महाराष्ट्रात, चंद्रपूरच्या कॅन्सर रुग्णालयात बसले. चंद्रपूरला आले, तर कधीतरी आपल्याकडेही येईल. मागणी आपण केली पाहिजे.

आता शेवटी माता-भगिनींना आणि तरुणांना कामाच्या चार गोष्टी सांगतो. बाकी सारे विसरलात तरी चालेल, पण या विसरू नका.

चेहरा, हात, बोली, वेळ. हसायला सांगा, तोंड वाकडे होते का? दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली पडतो का? साधे वाक्य म्हणायला सांगा, अडखळते का? यातले एक जरी दिसले तरी घड्याळ पाहा आणि १०८ ला फोन करा. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता, ती वेळ कागदावर लिहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात, कारण गुठळी विरघळण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचे असते. मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल तर काही निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंतही नळी घालून गुठळी काढता येते. झोपेतून उठतानाच झटका आलेला दिसला तरी हात टेकू नका. २०१८ साली युरोपात झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखविले की डिफ्युजनमध्ये डाग दिसतो पण दुसऱ्या एका चित्रात अजून दिसत नाही, अशा रुग्णांचा झटका ताजा धरून त्यांना इंजेक्शन देता येते. म्हणजे घड्याळ माहीत नसले तर मेंदूतले पाणीच घड्याळाचे काम करते.

रुग्णाला तोंडाने पाणी, चहा, गोळी काहीही देऊ नका. गिळणे बिघडलेले असते. मनाने अॅस्पिरिन देऊ नका, आत रक्तस्राव असू शकतो. कबुतराचे रक्त, तेल, अंगारा यांत वेळ घालवू नका. मोठ्या रक्तवाहिनीच्या झटक्यात दर मिनिटाला सुमारे एकोणीस लाख चेतापेशी मरतात. आम्ही अडीच तास घालविले, हिशेब तुम्हीच करा.

आणि जो दवाखाना जवळ करणार, तिथे सी.टी. आणि ते इंजेक्शन आहे का, हे आजच विचारून ठेवा. सी.टी. नॉर्मल आला आणि लक्षणे तशीच असली, तर नम्रपणे पण ठामपणे विचारा, "डॉक्टरसाहेब, गुठळी असेल का? डिफ्युजन काढायचं का? इथं होत नसेल तर आत्ताच कुठं न्यावं?" ही तपासणी एक-दोन मिनिटांची असते, तिला रंगाचे इंजेक्शन लागत नाही. मशीनचा ठोक्यांचा आवाज मोठा असतो, त्याला घाबरू नका. मात्र अंगात पेसमेकर, धातूची पट्टी किंवा छर्रा असेल तर आधी सांगा.

मित्रहो, दाजी आज पुढच्या रांगेत खुर्चीवर बसले आहेत. हे भाषण करू का, असे मी त्यांना काल विचारले. बराच वेळ ओठ हलले आणि मग शब्द आला, "सांग." त्यांच्या आज्ञेने मी सांगितले. यापुढे आपल्या वस्तीतल्या एका जरी घरात "वारं गेलं" म्हणून वेळ न दवडता कोणी घड्याळाकडे बघितले, तर आजचे माझे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.

 

जय भीम! नमो बुद्धाय!